निरीक्षणगृहातील मुलांच्या जामिनाबाबत बाल न्याय समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
बाल न्याय समिती, मुंबई उच्च न्यायालय

विषय : साथीच्या काळात विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या सुटकेसाठी रूढ झालेली पद्धत कायम करण्याबाबत

महोदय / महोदया,

टाळेबंदी लागून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालगृहे आणि निरीक्षणगृहे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या संस्था) यांतील मुलांना कोविडपासून वाचवण्यासाठी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात एक सविस्तर आदेश दिला. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने बाल कल्याण समित्या, बाल न्याय मंडळे, राज्य सरकारे आणि प्रत्यक्ष संस्था अशा सर्वांना त्यात स्वतंत्र सूचना दिल्या होत्या. त्यांपैकी एकीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. कायद्याशी संघर्षात आल्याचा आरोप असलेल्या आणि निरीक्षणगृहात ठेवलेल्या सर्व बालकांना, बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ मधील अपवाद लागू करण्यास स्पष्ट आणि योग्य कारणे नसतील तर, जामिनावर सोडण्यासाठी मंडळांनी पावले उचलण्याचा विचार करावा, अशी ती सूचना होती. सुनावण्या लांबू नयेत म्हणून दृक्-श्राव्य माध्यमातून बैठका घेता येतील, हेही त्याच आदेशात होते.

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील वकील असून बाल न्याय मंडळासमोर मुलांची प्रकरणे चालवते. त्या काही महिन्यांत मंडळाचे कामकाज ज्या रीतीने बदलले आणि साथ ओसरताच ज्या वेगाने ते पूर्वपदावर आले, ते मी जवळून पाहिले आहे. या आदेशामुळे कायदा तसूभरही बदलला नव्हता; बदलला होता तो मंडळासमोर विचारला जाणारा पहिला प्रश्न. एरवी मुलाच्या वतीने उभ्या राहणाऱ्याला ‘याला का सोडावे’ याचे उत्तर द्यावे लागते. त्या उन्हाळ्यात प्रथमच पोलिसांना, मुलाच्या घरची माहिती काढून सुटकेनंतर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना आणि स्वतः मंडळालाही ‘याला का ठेवावे’ याचे उत्तर शोधावे लागले. हा दुसरा प्रश्न कायद्यानेच घालून दिलेला आहे आणि तो पुन्हा पहिल्या जागी यावा, यासाठी हे पत्र आहे.

कलम १२ आपल्याला ठाऊकच आहे, परंतु हे पत्र मुलांचे पालकही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. आरोप जामीनपात्र गुन्ह्याचा असो वा अजामीनपात्र, बालकाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडले पाहिजे, किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अथवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात दिले पाहिजे, हा नियम आहे. सुटकेमुळे मूल ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका निर्माण होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मानण्यास वाजवी आधार असेल तरच जामीन नाकारता येतो, आणि नाकारताना कारणे व परिस्थिती लेखी नोंदवावी लागते. गुन्ह्याचे गांभीर्य या तीन कारणांत कोठेही नाही. कलम ३ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय म्हटला आहे, आणि १९९२ साली आपल्या देशाने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ३७ नेही मुलांची कोठडी शेवटचा उपाय म्हणून आणि कमीत कमी काळासाठीच असावी असे बंधन घातले आहे.

असे असूनही निरीक्षणगृहे भरलेली का राहतात, याचे उत्तर मला नामंजुरीच्या आदेशांत सापडते. ‘सदर बालकास जामिनावर सोडल्यास तो गुन्हेगारी प्रवृत्तीच्या व्यक्तींच्या संपर्कात येण्याची शक्यता नाकारता येत नाही’ या धाटणीचे वाक्य मी इतक्या आदेशांत वाचले आहे की मुलाचे नाव झाकले तर कोणता आदेश कोणाचा हे ओळखता येऊ नये. कोणती व्यक्ती, तिचा या मुलाशी संबंध काय, ती आता कोठे राहते, यातले काहीच त्यात नसते. सामाजिक तपासणी अहवालात ‘वस्ती झोपडपट्टीची’, ‘वडील मद्यपी’, ‘आई दिवसभर कामावर’ अशा नोंदी असतात आणि त्यांचेच पुढे नैतिक धोक्यात रूपांतर होते. आई धुण्याभांड्याला जाते हा तिच्या मुलाच्या जामिनाला अडसर ठरतो, आणि तसाच आरोप असलेला, पण स्वतंत्र खोली आणि नोकरदार पालक असलेला मुलगा त्याच संध्याकाळी घरी जातो. कायद्याच्या तीन अपवादांत गरिबी हा चौथा अपवाद कोणी लिहिलेला नाही.

एप्रिल २०२० मध्ये हे वाक्य पुरेनासे झाले, कारण दुसऱ्या पारड्यात तितकेच खरे आणि डोळ्यांसमोर दिसणारे काहीतरी होते. ज्यांनी एखाद्या जिल्ह्याचे निरीक्षणगृह आतून पाहिले आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही. एका लांब दालनात हाताच्या अंतरावर अंथरलेल्या सतरंज्या, सगळ्यांना मिळून दोन-तीन न्हाणीघरे, एकाच ओळीत बसून जेवण, आणि कधीही पोलिसांनी आणून सोडलेला नवा मुलगा. सहा फुटांचे अंतर तेथे पाळायचे कसे, हे अधीक्षकांनाही सांगता येत नव्हते. पुढे काय होऊ शकते हेही लवकरच दिसले. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी एकाच वेळी बाधित निघाले. जूनमध्ये चेन्नईतील रॉयापुरमच्या शासकीय बालगृहात ३५ मुलांना लागण झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. त्याच महिन्यात कानपूरच्या शासकीय निवारागृहातील ५७ मुली बाधित असल्याचे उघड झाले.

त्या दिवसांतले एक प्रकरण येथे मांडते. मुलाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मुलगा सोळा वर्षांचा होता आणि आरोप मोटारसायकल चोरीचा होता. आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले होते आणि टाळेबंदीमुळे कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीतच अडकले होते. गावी फक्त म्हातारी आजी होती. मार्चमध्ये जामीन अर्जावर निर्णय होऊ शकला नव्हता, कारण पालक हजर नव्हते. पालक हजर राहू शकत नव्हते, कारण जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हे प्रकरण मंडळाने स्वतःहून पुन्हा घेतले. अधीक्षकांनी आपला मोबाईल टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि मुलगा त्यासमोर पाठ ताठ करून बसला होता. मुकादमाच्या फोनवरून आई जोडली गेली. तिला पडद्यावर मुलगा दिसला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या जेवणाचा, आणि प्रधान दंडाधिकाऱ्यांनी तिला मध्ये थांबवले नाही. चुलता तालुक्याच्या गावी राहत होता. मंडळाने त्याला योग्य व्यक्ती मानून वैयक्तिक बंधपत्रावर मुलाला त्याच्या ताब्यात दिले, परिविक्षा अधिकाऱ्याने दर आठवड्याला फोनवरून विचारपूस करावी अशी अट घातली आणि मुलाला पोहोचवण्यासाठी पोलीस वाहनाचा आदेशही दिला.

या सगळ्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी २०१९ मध्ये करता आली नसती. योग्य व्यक्तीच्या ताब्यात देण्याची तरतूद कलम १२ मध्ये होतीच, जामीनदाराशिवाय सोडण्याची मुभाही होती. ऊसतोड कामगारांची मुले, वीटभट्टीवरच्या कुटुंबांची मुले, दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुरांची मुले पालक हजर नाहीत म्हणून आत राहतात, ही आपल्या राज्यात दर हंगामातली गोष्ट आहे. महामारीने त्यावर तोडगा शोधायला भाग पाडले, आणि तोडगा निघालाही. आज तसाच हंगाम असताना तसाच अर्ज आला तर पुन्हा ‘पालकांना हजर ठेवावे’ असा शेरा पडून तारीख लागते, हे मला समजून घेता येत नाही.

आदेशाच्या मर्यादाही मी मान्य करते. प्रौढ कैद्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजीच प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला लावली होती आणि आपल्या राज्यातील समितीने ११ मे रोजी सुमारे निम्मे, म्हणजे १७ हजारांच्या आसपास कैदी तात्पुरते सोडण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी गुन्ह्यांचे वर्ग ठरले, याद्या झाल्या, आकडे जाहीर झाले. मुलांच्या बाबतीत मात्र सर्व काही ‘विचार करावा’ या दोन शब्दांवर आणि प्रत्येक मंडळाच्या तत्परतेवर राहिले. काही मंडळांनी फायली घरी मागवून एकेका मुलाचा विचार केला. काहींच्या बैठकाच आठवडेच्या आठवडे झाल्या नाहीत. शिवाय प्रौढांच्या तुरुंगात वय न तपासता टाकलेली मुले या दोन्ही आदेशांच्या मधल्या फटीत पडली. वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, हे कलम ९ मध्ये स्पष्ट असले तरी ज्याच्याजवळ शाळेचा दाखला नाही आणि ज्याला भेटायला वकील आत जाऊ शकत नाही, त्याने तो दावा करायचा कोणाजवळ?

मुदतींचाही घोळ झाला. न्यायालयीन मुदती वाढवण्याचा सर्वसाधारण आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला होता, आणि त्याचा आधार घेऊन चौकशा लांबणीवर टाकणे सोपे झाले. परंतु एस. कासी प्रकरणात १९ जून २०२० रोजी त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की त्या आदेशामुळे आरोपपत्राची मुदत वाढत नाही आणि मुदत संपल्यावर मिळणारा जामिनाचा हक्क साथीच्या नावाखाली हिरावता येत नाही. तो निर्णय प्रौढ आरोपीचा होता. जी सवलत प्रौढाच्या स्वातंत्र्याच्या आड येऊ शकत नाही, ती मुलाच्या आड येऊ नये हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. कलम १४ प्रमाणे मंडळाने चार महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते, मंडळ स्वतः फार तर आणखी दोन महिने वाढवू शकते, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती तेथेच बंद होते. किरकोळ गुन्ह्यांच्या अशा किती चौकशा टाळेबंदीनंतर खरोखर बंद केल्या गेल्या, हे आपल्या समितीने प्रत्येक जिल्ह्याकडून मागवावे.

येथे एक भेद राखणे आवश्यक आहे. निरीक्षणगृहातील मुलाला जामीन देणे आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची बालगृहे घाईने रिकामी करणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांमधील मुले शंभर दिवसांत कुटुंबांकडे परत पाठवण्याविषयी लिहिले, तेव्हा या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांनी चिंता व्यक्त केली आणि ती रास्त होती. ज्या घरातून मूल मारहाणीमुळे किंवा अत्याचारामुळे काढले गेले, तेथेच त्याला तारखेचा हिशेब ठेवून परत पाठवता येत नाही. १५ डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली माहिती अशी होती की साथ सुरू झाली तेव्हा देशभरच्या बाल काळजी संस्थांत २,२७,५१८ मुले होती आणि त्यांपैकी १,४५,७८८ मुले कुटुंबांकडे गेली होती. परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी, कुटुंबाची स्थिती पाहून, दरमहा २,००० रुपये द्यावेत असेही न्यायालयाने सांगितले. या मोठ्या आकड्यात जामिनावर सुटलेला मुलगा आणि बालगृहातून परत पाठवलेली अनाथ मुलगी एकत्र मोजली जाते. दोघांना लागणारा आधार वेगळा आहे, म्हणून त्यांची मोजणीही वेगळी व्हायला हवी.

सुटलेल्या मुलाने पुन्हा गुन्हा केला तर काय, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो मी टाळत नाही. ज्या बाईची सोनसाखळी ओढली गेली, ज्या दुकानदाराचे शटर फोडले गेले, त्यांचे नुकसान खरे आहे. गंभीर हिंसेच्या आरोपात मंडळाने जपून पाऊल टाकावे, यालाही माझी हरकत नाही. परंतु चोरीच्या आरोपातला चौदा वर्षांचा मुलगा महिनोन्‌महिने त्याच दालनात आपल्यापेक्षा मोठ्या आणि सराईत मुलांबरोबर झोपतो, तेव्हा ज्या संगतीचे कारण देऊन त्याला आत ठेवले ती संगत आपणच त्याला पुरवत असतो. त्याची शाळा सुटते, दहावीचा अर्ज भरायचा राहतो, वस्तीत नाव पडते. घरी सोडून परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवणे हे अधिक कष्टाचे काम आहे, पण नुकसान भोगलेल्या लोकांच्या सुरक्षिततेसाठीही त्याचाच उपयोग अधिक आहे. त्या अधिकाऱ्यांची संख्या अपुरी आहे आणि एकेकाकडे अहवाल, गृहभेटी व कार्यालयीन कामे एकाच वेळी असतात, याची जबाबदारी शासनाची आहे. त्या अपुरेपणाची किंमत मुलाने कोठडीत राहून चुकवू नये.

आपल्या समितीकडे महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांतील मंडळांवर देखरेख ठेवण्याचे काम आहे. मुंबईतील डोंगरीच्या निरीक्षणगृहापासून गोव्यातील मेरशीच्या ‘अपना घर’पर्यंत प्रत्येक ठिकाणाहून आपण माहिती मागवू शकता. बाल न्याय यंत्रणेतील रिक्त पदे आणि प्रलंबित चौकशा यांबाबत संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उच्च न्यायालयांना स्वतःहून कार्यवाही सुरू करण्यास सांगितले होते. म्हणून मी जे मागत आहे त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल.

जामीन नामंजूर करणाऱ्या प्रत्येक आदेशात कलम १२ चा कोणता अपवाद लागू केला आणि त्याला आधार असलेली, त्याच मुलाविषयीची वस्तुस्थिती कोणती, हे लिहिणे सक्तीचे करावे. वस्ती, जात, पालकांचा रोजगार किंवा त्यांची गैरहजेरी हे एकटे कारण म्हणून स्वीकारू नये. निरीक्षणगृहात असलेल्या प्रत्येक मुलाचे प्रकरण, अर्ज आलेला असो वा नसो, दर पंधरा दिवसांनी मंडळाने स्वतःहून पाहावे आणि त्याची रोजनाम्यात नोंद व्हावी. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत अटी पूर्ण न झाल्याने आत राहिलेले मूल मंडळासमोर आणून अटी बदलण्याची तरतूद कलम १२ मध्येच आहे. अधीक्षकांनी अशा मुलांची यादी दर सोमवारी मंडळाकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवली तर ही तरतूद कागदावरून बाहेर येईल. ही सूचना मला सर्वांत तातडीची वाटते, कारण ज्याला सोडण्याचा आदेश झालेला आहे असे मूल केवळ जामीनदार न मिळाल्याने आत असणे, याचे समर्थन कोणालाही करता येणार नाही.

पोलिसांविषयीही परिपत्रकात लिहावे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ प्रमाणे बालकाला ताब्यात घेण्याचा अधिकार फक्त क्रूर गुन्ह्यांच्या बाबतीत वापरायचा असतो, बालकाच्या हितासाठीच गरज असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्षात मोबाईल चोरीच्या संशयातला मुलगाही आणला जातो. मंडळाने पहिल्याच दिवशी विशेष बाल पोलीस पथकाला ‘या मुलाला ताब्यात का घेतले’ असे लेखी विचारायला सुरुवात केली, तर निम्मी गर्दी दारातच थांबेल असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

दृक्-श्राव्य सुनावणी पालकांसाठी जरूर चालू ठेवावी. बीडहून किंवा नंदुरबारहून एक तारीख करण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडते, ती वाचेल. मुलासाठी मात्र ती प्रत्यक्ष हजेरीची जागा घेणारी नसावी. अधीक्षक शेजारी उभे असताना मुलगा मारहाणीविषयी बोलत नाही, हे मी टाळेबंदीत अनेकदा अनुभवले. त्याच ३ एप्रिलच्या आदेशात न्यायालयाने ताण आणि भीतीच्या वातावरणात संस्थांतील हिंसा, लैंगिक हिंसाही, वाढू शकते असे बजावून मंडळांना नियमित लक्ष ठेवण्यास सांगितले होते. वकिलाशी एकांतात बोलण्याची वेळ मिळाल्याशिवाय पडद्यावरची कोणतीही सुनावणी सुरू होऊ नये.

शेवटी, कलम १६ नुसार प्रलंबित प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी जो आढावा घेतला जातो, तो जिल्हानिहाय प्रसिद्ध करावा : निरीक्षणगृहात किती मुले आहेत, किती काळापासून आहेत, किती जणांचा जामीन कोणत्या अपवादाखाली नाकारला गेला आणि किती जण मंजुरीनंतरही आत आहेत. मुलांची नावे गोपनीय राहतील आणि आकडे सर्वांसमोर येतील. पुढील तिमाहीचा आढावा याच नमुन्यात मागवावा, ही आपणास विनंती.

आपली विश्वासू,
बाल न्याय मंडळासमोर काम करणारी एक विधी सहाय्य वकील